माटोळीची मोजदाद

गेल्या भाद्रपदात एका गावच्या मंडळाने आम्हांस माटोळी-स्पर्धेचे परीक्षक म्हणून पाचारण केले. वकिलाला असल्या कामी बोलावण्यात त्याच्या रसिकतेवरील विश्वास कमी, आणि निकालानंतरचे तंटे मिटविण्याची त्याला असलेली सवय अधिक कारणीभूत असते, हे आम्ही जाणून होतो. तरीही गेलो. परीक्षक तिघे, घरे एकोणीस, आणि मुदत दीड दिवसाची. कारण दीड दिवसाने बरेचसे गणपती पाण्यात जावयाचे होते. निकाल एकमताने लागला व त्यावर आमचीही सही आहे. सही केलेल्या माणसाने मागाहून वेगळा सूर लावू नये, हा संकेत आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे. परंतु नियमाबरहुकूम निकाल आणि योग्य निकाल यांत जे अंतर पडते, ते त्या दिवशी इतके उघडे पडले की उशिराने का होईना, आमचे भिन्नमतपत्र येथे दाखल करणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इकडच्या वाचकांसाठी माटोळी म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. गोमंतकात चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर छताशी एक लाकडी चौकट टांगतात. चौकटीला आडव्याउभ्या पट्ट्या असतात आणि त्यांना त्या दिवसांत भूमीने जे दिले असेल ते बांधावयाचे. नारळाचे घोस, सुपारीचे घड, केळी, तवशी, चिबूड, दोडकी, आंबाडे, तोरिंजन ही परसातली मंडळी. कवंडळाची लालभडक फळे, कांगलां, खुळखुळ वाजणाऱ्या घागऱ्यो, कुंभ्याची फळे, माट्टीची पंखांची फळे, शेरवडाची पांढरी पाने, हरण्यांची पिवळी फुले ही रानातली. बांधावयाचे तेही केवणीच्या सालीच्या दोराने. देशावर जिला मुरुडशेंग म्हणतात तीच ही केवण. आता बहुतेक ठिकाणी सुतळी किंवा तार आली आहे. त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. केवणीची साल सोलून, भिजवून दोर वळणे हे काम किती हात दुखविणारे आहे, हे आम्ही लहानपणी अनुभवले आहे.

या रचनेला आम्ही बुद्ध्या कलाकृती म्हणतो, आणि कलाकृती म्हणूनच तिचे परीक्षण व्हावे असे आमचे म्हणणे आहे. तिचे वैशिष्ट्य नेमके कशात आहे? शेजारीच ठेवलेल्या पत्रीच्या तबकाशी तिची तुलना केली म्हणजे ते ध्यानात येते. गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी ठरलेली आहे. तीत दूर्वा, आघाडा, माका, तुळस आहेत तशी शमी आहे आणि देवदारही आहे. शमी हे कोरड्या मुलखाचे झाड, देवदार हिमालयातले. कोकणच्या चिखलपावसात ही दोन्ही आपण होऊन उगवावयाची नाहीत. म्हणून यजमान बाजारातून जुडी आणतो, जुडी बांधणारा हाताला लागेल तो पाला तीत कोंबतो, आणि पुरोहित मंत्रातले नाव घेऊन ते पान वाहवितो. यात श्रद्धेला बाध येत नसेल. ओळखीला मात्र येतो. माटोळीला अशी यादी नाही. सत्तरीतल्या घरची माटोळी पेडण्यातल्या माटोळीसारखी होणार नाही, आणि काणकोणची त्या दोन्हींहून निराळी. ज्या गावची माती तशी माटोळी. देशी झाड कोणते, या प्रश्नाला पुस्तकांनी दिलेल्या उत्तरांपेक्षा हे उत्तर आम्हांस अधिक खरे वाटते.

एका जुन्या गोष्टीचाही येथे संबंध पोहोचतो. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि ते १८१२ पर्यंत राहिले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, हे आपल्यापैकी प्रत्येक महाजनास पाठ आहे. मूर्ती बाळगणेच धोक्याचे असल्यामुळे काही घरांनी कागदावरचा गणपती पुजला, काहींनी पत्रीचाच गणपती केला, असे परंपरा सांगते. आजही काही कुळांत पत्रीचा गणपती पुजतात. ज्या समाजाचा देव एके काळी पानांतच राहिला, त्याने ते पान कोठून येते आणि पुढच्या वर्षी येईल की नाही याची चौकशी करू नये, हे विपरीत आहे.

आता स्पर्धेकडे वळू. राज्याचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा भरविते, आणि तिच्या अनुकरणाने गावोगावची मंडळे आपापल्या स्पर्धा भरवितात. या स्पर्धांचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. शहरी घरांतून माटोळी म्हणजे चार नारळ, दोन सफरचंदे व प्लास्टिकचा वेल एवढीच उरत चालली होती. बक्षिसाच्या निमित्ताने तरुण मुले पुन्हा वृद्धांकडे जाऊन फळांची नावे विचारू लागली. आम्ही पाहिलेल्या एका घरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आम्हांस सत्तावीस वस्तूंची कोकणी नावे न अडखळता सांगितली. त्यांतली नऊ आम्हांस ठाऊक नव्हती. हा लाभ लहान नव्हे.

पण त्याच घरातून निघून आम्ही पहिल्या बक्षिसाच्या घरी गेलो. तेथे तीनशेंहून अधिक वस्तू होत्या. प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी, आणि दाराशी टंकलिखित यादी. चौकट इतकी जड झाली होती की तिला मधोमध लोखंडी टेकू दिला होता, आणि गणपतीचे मुख त्या टेकूआड गेले होते. यजमान तरुण, उत्साही, बोलके. त्यांनी सांगितले की पाच जण चार दिवस दोन गाड्या घेऊन हिंडत होते. घाटाखालचे रान झाले, घाटावरचेही झाले. कोपऱ्यात झाडाच्या सालीसकट ओरबाडून आणलेले आमराचे तीन गठ्ठे टांगले होते. आमर म्हणजे फांदीवर वाढणारी ती फुलझाडे, ज्यांच्या एका जातीला लोक सीतेची वेणी म्हणतात. ती वाढावयाला वर्षे लागतात. आम्ही विचारले, विसर्जनानंतर यांचे काय करणार? यजमान हसून म्हणाले, काय करणार, पाण्यात.

शेवटचे घर गावाच्या टोकाला, कुळागराच्या कडेला होते. माटोळीत सत्तरेक वस्तू. चिठ्ठ्या नाहीत, यादी नाही. घरच्या आजींनी उभ्याउभ्याच एकेक वस्तू दाखविली. प्रत्येकीबरोबर फळाचे नाव तर आलेच, पण त्याची जागाही आली: हे विहिरीपलीकडच्या कुंपणावरचे, हे गोठ्यामागचे, हे पाटाच्या काठचे. आंबाड्याच्या घोसाकडे बोट करून त्या म्हणाल्या, “हो आंबाडो म्हज्या मांयन लायिल्लो.” म्हणजे ते झाड त्यांच्या सासूने लावलेले. कवंडळ रानातले ना, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांना ते रुचले नाही. वेल रानातून आला खरा, पण चाळीस वर्षे तो त्यांच्या वईवर आहे. दर साली एक फळ वेलावरच पिकू द्यावयाचे असा त्यांचा नेम.

या घराला उत्तेजनार्थदेखील काही मिळाले नाही. गुणपत्रिकेत शंभरांपैकी पन्नास गुण वस्तूंच्या संख्येला होते, बाकीचे मांडणी, स्वच्छता व माहिती यांना. आम्ही गुण मांडले, बेरीज केली, सही केली.

आमचा आक्षेप या पन्नास गुणांवर आहे. कोणत्याही कलाप्रकारात संख्येला गुण दिले की तो प्रकार भांडाराकडे झुकतो. कवितेला ओळींवरून बक्षीस देऊ लागले तर जे होईल तेच माटोळीचे झाले आहे. परंतु कविता लांबल्याने रानाचे काही जात नाही, येथे जाते. माटोळीची पुष्कळशी फळे भाद्रपदात हिरवीच उतरवितात, बी धरण्यापूर्वी. घरापुरती चार काढली तर वेलाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण एका तालुक्यातली शंभर घरे क्रमांकासाठी एकाच आठवड्यात एकाच डोंगराला लागली, तर त्या साली बी जमिनीवर पडावयाचे कोठून? कळलावीसारख्या वेलाचा कंद खाली राहतो, तो पुढच्या पावसात उगवेल. सालीसकट सोललेल्या आमराला ती सोय नाही. शिवाय, जी वस्तू दुर्मिळ तिच्यासाठी स्पर्धक अधिक हिंडतो. म्हणजे जे उरलेच थोडे आहे, तेच आधी खुडले जाते.

येथे कायदाही सांगितला पाहिजे, कारण आमचा तो धंदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून वनोपज परवानगीवाचून उचलता येत नाही. आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, तसेच खानापूर तालुक्यातले भीमगड ही सारी अभयारण्येच आहेत. चतुर्थीच्या भक्ताला वनरक्षकाने अडवावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. पण एक विसंगती पाहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ४१ व्या कलमान्वये पंचायतीत समिती असते, आणि गावातल्या झाडापानांची नोंदवही करणे तिच्याकडे असते. तिकडे वहीत नोंद व्हावयाची, आणि इकडे त्याच गावच्या मंडळाने ती वस्तू तोडून आणणाऱ्याला नारळ, शाल व रोख रक्कम द्यावयाची!

कोणी म्हणेल, यासाठीच तर आम्ही झाडे लावण्याचे कार्यक्रम करतो. करतात खरे. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपे वाटली जातात. पण कोणती? आमच्या घरी अशा वाटपातून आजवर गुलमोहर दोनदा आला, तो मादागास्करचा. गोव्याच्या उजाड टेकड्यांवर जी बाभूळ दाट लावली गेली ती ऑस्ट्रेलियाची. माट्टीचे किंवा कुंभ्याचे रोप आम्हांस आजवर कोणी दिलेले नाही. मात्र येथे अतिरेक नको. परदेशी म्हणून जे जे ते काढून टाका असे म्हणू लागलो तर देवळातला झेंडू गेला, अंगणातला खुरचाफा गेला, काजू गेला, आणि आमटीतली मिरचीही गेली; ही सारी अमेरिका खंडाची देणगी आहे. आलेले पाहुणे राहोत. घरच्या माणसांना जागा उरली आहे की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

विधीमुळे झाड टिकते याचे एक चांगले उदाहरण आपल्याजवळच आहे. म्हार्दोळच्या म्हाळसेला पावसाळ्यात जायांची पूजा होते. त्या पूजेला जाया हव्यात, आणि त्या तिथल्या फुलकारांच्या मळ्यांतून येतात. मागणी देवीची आहे म्हणून मळा राहिला आहे. जाई तोडावयाची तर जाई लावावी लागते, हा व्यवहार त्या विधीतच गोवलेला आहे. माटोळीच्या घरगुती रूपातही तो होता, आणि त्या आजींच्या वईवर तो अजून आहे. स्पर्धेने नेमका तोच धागा तोडला.

म्हणून आम्ही त्या मंडळास लेखी सुचविले आहे की संख्येचे गुण पन्नासांवरून दहावर आणावे आणि उरलेले चाळीस लावलेल्या वस्तूंना द्यावे. परीक्षकांनी चतुर्थीला माटोळी पाहावीच, पण आषाढात एकदा परसही पाहावे. रानातून आणलेली वस्तू चालेल. तिचे रोप किंवा वेल घरी धरला असेल तर पुढच्या साली तिला दुप्पट गुण मिळावे. मुळासकट अथवा सालीसकट आणलेल्या वस्तूला शून्य. विसर्जनापूर्वी पिकलेली फळे निराळी काढून त्यांचे बी मंडळाने जमवावे आणि मृगाच्या सुमारास वाटावे.

ज्यांना परस नाही त्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हापशाच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा बडोद्याच्या वाड्यात कवंडळाची वई कोठून येणार? याचे उत्तर आमच्या मते देवस्थानांकडे आहे. १९३३ च्या देवस्थान रेग्युलेशनखाली चालणाऱ्या आपल्या समित्या दर साली अंदाजपत्रक करतात. रंगरंगोटीला, ध्वनिक्षेपकाला, फरशीला त्यात कलमे असतात. झाडाला कलम आम्ही क्वचितच पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एका देवस्थानाने दोन वर्षांपूर्वी मागचे सगळे आवार सिमेंटच्या ठोकळ्यांनी फरसबंद केले. त्यासाठी एक जुना ओंवळ आणि सुरंगीची दोन झाडे गेली. आम्ही सभेत विरोध केला. पालापाचोळा पडतो, भक्तांच्या पायाला चिखल लागतो, असे उत्तर मिळाले, आणि ठराव बहुमताने संमत झाला. आता त्याच देवळात सुरंगीचे वळेसर बाजारातून विकत येतात. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे. तेथे रानजायफळांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली दिसतात. ती राय उरली, कारण तेथला देव चिखलात राहावयास तयार होता. आमच्या समित्यांनी आवाराचा निदान चौथा हिस्सा माती म्हणून राहू दिला, तर बिऱ्हाडकरूंच्या माटोळीची तजवीज तेथे होऊ शकेल.

मंडळाचे उत्तर मागच्या महिन्यात आले. सूचना विचारार्थ ठेवल्या आहेत, मात्र एका मुद्द्यावर खुलासा हवा असे चिटणीसांनी लिहिले आहे: शेजाऱ्याने आपल्या परसातले फळ देऊन त्याबदली दुसरे नेले असेल, तर ती वस्तू घरी लावलेली धरावी की बाहेरून आणलेली? मसुदा करताना हा प्रश्न आमच्या ध्यानात आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. घरी लावलेली धरावी, आणि ती दोन्ही घरांच्या नावे मोजावी, असे आम्ही उलटटपाली कळविले आहे.