‘यंत्रमानव’ आणि ‘वेठ’ : चापेकच्या नाटकाचा पुनर्विचार

यंत्र माणसाचे काम हिरावून घेणार की काय, अशी चर्चा निघाली की कारेल चापेक या चेक नाटककाराच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाचा उल्लेख हटकून होतो. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला. २०२२ च्या अखेरीस मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वसामान्यांच्या हाती आल्यापासून, निर्मात्यावर उलटणाऱ्या यंत्राचे भाकीत म्हणून ते अधिकच उद्धृत केले जाते. हे वाचन नाटकाला न्याय देणारे नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आणि या गैरसमजास आपल्या मराठी प्रतिशब्दाचाही थोडाफार हातभार लागला आहे.

मूळ शब्द ‘रोबोता’ या चेक शब्दावरून आला. जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे काम, हा त्याचा जुना अर्थ. नाटककाराला तो त्याचा चित्रकार बंधू योसेफ याने सुचविला. मराठीत यासाठी ‘वेठ’ हा नेमका शब्द आहे. वेठबिगार ज्या भाषेला इतकी परिचित, तिने ‘यंत्रमानव’ हा शब्द पत्करला तेव्हा यंत्र राहिले, मानव राहिला; वेठ तेवढी गळाली. शिवाय चापेकचे रोबो यंत्रे नाहीतच. ते रासायनिक द्रव्यापासून घडविलेले सजीव देह आहेत. थोरल्या रोसुमला प्रयोगशाळेत माणूस निर्माण करावयाचा होता. धाकटा रोसुम अभियंता. त्याने माणसाकडे पाहिले आणि कामाला जे जे उपयोगी नाही ते सारे काढून टाकले. नाटकाचा गाभा या वजाबाकीत आहे. कामगार म्हणजे स्वस्तात स्वस्त हात, ही व्याख्या आधी मान्य झाली म्हणूनच रोबो जन्मास येऊ शकला. डॉ. गाल रोबोंना वेदना देऊ पाहतो, तीही करुणेपोटी नाही. त्यांची मोडतोड टळावी म्हणून.

ही व्याख्या केवळ नाटकातली नव्हती. त्याच दशकात, १९२८ साली, मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही योजना त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. माणसाचे मोजमाप तेथेही बदलू घातले होते.

नाटकाचे न्यूनही याच ठिकाणी शोधावे लागते. कामगारांनी रोबोंविरुद्ध केलेला उठाव आणि त्याविरुद्ध रोबोंच्या हाती दिलेली शस्त्रे आपल्याला केवळ संवादांतून कळतात. रंगमंचावर वावरतात ते संचालक आणि शास्त्रज्ञ. हातावर पोट असलेले मानवी पात्र म्हणावे असे एकच, हेलेनाची वृद्ध दाई नाना. आणि तिच्या भयाला नाटककार भाबड्या श्रद्धेच्या कोपऱ्यात बसवितो. आल्क्विस्ट हाताने विटा रचतो, श्रमाचे माहात्म्य सांगतो आणि त्यामुळेच रोबो त्याला जिवंत ठेवतात. परंतु तो बांधकामाचा प्रमुख आहे. विटा रचण्याचे काम त्याने स्वतः निवडले आहे. ज्याच्यावर ते लादले गेले, त्याला डोमिनचे स्वप्न तुच्छ वाटेल काय? अन्न जवळजवळ फुकट व्हावे, कोणी कोणाचा चाकर नसावा, हे ते स्वप्न. डोमिनला खलपुरुष केले नाही, यात चापेकचे मोठेपण आहे. पण त्याला कष्टकऱ्याच्या तोंडून उत्तर मिळत नाही. अखेरीस प्रीमस आणि रोबो-हेलेना यांच्या प्रेमातून जीवनाची आशा पालवते, आणि श्रमाचा प्रश्न मात्र सुटल्याशिवाय राहतो.

आज भाषांतर, मुद्रितशोधन, सारलेखन ही आपल्या विद्यार्थ्यांच्या उपजीविकेची कामे यंत्राकडे जाऊ लागली आहेत. यंत्राने केलेला कच्चा मसुदा कमी दरात ‘नीट करून’ देणे, एवढेच काम भाषांतरकाराच्या वाट्यास येते, तेव्हा त्याच्या कामातून अर्थनिर्णय वगळला गेलेला असतो. शब्दागणिक दराने भाषांतर मोजण्याची रीत आपण यंत्र येण्यापूर्वीच स्वीकारली होती, हेही विसरता कामा नये. म्हणून हे नाटक वर्गात शिकविताना प्रारंभ शेवटच्या बंडापासून न करता धाकट्या रोसुमच्या वजाबाकीपासून करावा, एवढेच सुचवावयाचे आहे.