दुर्बोध की अपरिचित?

मराठी समीक्षेत ‘ऑब्स्क्युअर’ या इंग्रजी विशेषणाला ‘दुर्बोध’ हा प्रतिशब्द रूढ आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अंधारलेला’. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ नांदतात : जे नीट उमगत नाही ते, आणि जे फारसे कोणाला ठाऊक नाही ते. टॉमस हार्डीच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५) या कादंबरीचा नायक समजायला कठीण नाही. विद्यापीठाच्या दाराबाहेरच राहिलेला तो एक अप्रसिद्ध पाथरवट आहे. त्याला ‘दुर्बोध ज्यूड’ म्हटले तर हसू येईल.

मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. तरीही समीक्षेत दुसऱ्याचे काम पहिल्यावर ढकलले जाते, असे माझे म्हणणे आहे.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर दुर्बोधतेचा आक्षेप आला. तेथे बरेचसे शब्द रोजच्या वापरातले होते. वाचक अडत होता तो प्रतिमांच्या जोडणीपाशी. आमच्या दवनीवाड्याकडे भाताच्या लावणीला रोवणी, बांध घातलेल्या खाचराला बांधी आणि लहान तळ्याला बोडी म्हणतात. हे शब्द कवितेत आले की पुण्या-मुंबईचा वाचक अडतो, आणि तोही ‘दुर्बोध’ म्हणून मोकळा होतो. पण येथे तीन शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी दिले की वाट मोकळी होते. मर्ढेकरांच्या कवितेला तेवढे पुरत नाही.

हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोष सांगताना संदिग्ध, अप्रतीत, ग्राम्य आणि क्लिष्ट यांना वेगवेगळी नावे दिली. अप्रतीत म्हणजे एखाद्या शास्त्रातच चालणारा शब्द; ग्राम्य म्हणजे केवळ सामान्य लोकांच्या तोंडी असलेला. ग्राम्याला दोष ठरवणे आज मला मान्य नाही. पण अर्थ कशामुळे अडतो हे त्याने आधी तपासले, ही शिस्त मात्र घेण्याजोगी आहे.

‘दुर्बोध’ म्हटले की जबाबदारी कवीवर जाते, ‘अपरिचित’ म्हटले की ती वाचकाकडे येते. पहिल्या शेऱ्याला भिऊन झाडीपट्टीतला कवी ‘रोवणी’ खोडून ‘लावणी’ लिहितो, तेव्हा अर्थ सोपा होतो; पण चिखलात बोटांनी रोप खोवण्याची क्रिया त्या शब्दातून निघून जाते.

बोलीतला शब्द आला म्हणून कविता चांगली ठरत नाही. बोलीतली कविताही खरोखर दुर्बोध असू शकते. पण तो निकाल शब्दाचा अर्थ विचारून घेतल्यानंतर द्यावा.