डा-डि-डा-डिट : परीक्षेतून सुटलेली लय

डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. रात्री हौशी रेडिओच्या सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला कान लावला की ही जोडी हमखास ऐकू येते. मोर्समधला आधी सी, मग क्यू. अर्थ एवढाच की कोणी आहे का, कोणीही चालेल. सीमध्ये गुरू-लघू, गुरू-लघू असा सरळ झोका आहे. क्यूमध्ये दोन गुरू लागोपाठ येऊन लय जराशी रेटली जाते, मग एक लघू, आणि शेवट पुन्हा गुरूवर. साद घालताना शेवटचा स्वर लांबतो, तसा. हा योगायोगच आहे, पण कान तो योगायोग मानायला तयार होत नाही.

लघू-गुरू हे शब्द मी वृत्तांतून उचलले आहेत. फरक इतकाच की आपला गुरू दोन मात्रांचा, मोर्सचा तीन. आणि इथे न बोललेल्यालाही माप आहे: अक्षराच्या पोटात एक मात्रा शांत, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारे ई एका लघूत आटोपते, टी एका गुरूत. कोणते अक्षर किती लागते हे ठरवायला मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यातल्या खणांमधले खिळे मोजले, असे सांगतात. ही लिपी कानासाठी आहे. कागदावर तिचे टिंब-रेघांचे तक्ते काढले की ती निर्जीव दिसते.

हौशी मंडळींचे संभाषण ऐकताना खरी मजा येते ती काटकसरीची. ‘आणि’साठी ते ईएस पाठवतात, कारण जुन्या अमेरिकन मोर्समधले ‘अँड’चे चिन्ह तसेच वाजत असे, ती मोर्स गेली, चिन्ह राहिले. ‘कडून’साठी डीई, फ्रेंचमधून आलेले. ‘तुझा आवाज उत्तम येतोय’ हे सांगायला 599 हा आकडा आहे, पण मोर्समध्ये नऊ म्हणजे चार गुरू आणि एक लघू. एवढे कोण बसून वाजवणार? म्हणून नवाच्या जागी नुसता एन, डा-डिट. ‘बोल’ म्हणायला के, डा-डि-डा. ‘पोचले’ म्हणायला आर, डि-डा-डिट. एकाचा लघू तो दुसऱ्याचा गुरू.

आणि निरोपाचा 73. सात म्हणजे दोन गुरू, तीन लघू. तीन म्हणजे तीन लघू, दोन गुरू. जोडून वाजवा: डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. उलटे वाचले तरी तेच. तारमास्तरांनी हा आकडा घडवताना आरसा धरला होता असे मी म्हणणार नाही, पण दीडशे वर्षांत तो बदलावासा कोणाला वाटला नाही यात नवल नाही. त्यानंतरही पुष्कळांना राहवत नाही. सगळे संपल्यावर एक जण ‘डिट डिट’ करतो, दुसराही ‘डिट डिट’ करतो. दारात चप्पल घालता घालता बोलत राहणारी माणसे जगभर आहेत.

मोर्स-कीवरचा हात लपत नाही. कोणाचा गुरू किंचित लांबतो, कोणी शब्दांमधली जागा खाऊन टाकतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज श्रवणकेंद्रांवरच्या माणसांना मजकूर उलगडत नसतानाही जर्मन ऑपरेटर नुसत्या हातावरून ओळखू येत. आज बरेच जण इलेक्ट्रॉनिक कीयरवर वाजवतात. त्यात लांबी यंत्र ठरवते आणि हात निम्मा पुसला जातो. साध्या कीवर वाजवणारा भेटला की म्हणूनच कान टवकारतात.

आता परवान्याच्या परीक्षेकडे वळू. तीस मेगाहर्ट्झच्या खाली प्रक्षेपण करायचे तर मोर्स आलीच पाहिजे, अशी आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांची अट होती. मुळात ती रास्त होती: जहाजे मोर्समध्ये बोलत, आणि मध्ये लुडबुडणाऱ्या हौशी माणसाला ‘बाजूला हो’ हे तरी कळायला हवे. अमेरिकेत जनरल श्रेणीला मिनिटाला तेरा शब्द, एक्स्ट्राला वीस. 1999 मध्ये जहाजांनी मोर्स सोडली आणि अटीचा पाया गेला. 2000 मध्ये अमेरिकेने सर्वांनाच पाचाचा वेग पुरेसा केला. 2003 मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने अट ज्या त्या देशावर सोडली, ब्रिटनने त्याच जुलैत ती काढली, आणि 23 फेब्रुवारी 2007 पासून अमेरिकेतही ती उरली नाही.

तेव्हा वाद पेटला होता. एक बाजू म्हणे, दार उघडले की तरुणांची रीघ लागेल. दुसरी म्हणे, चाळण गेली की पट्ट्यात गोंधळ माजेल आणि मोर्स मरेल. अमेरिकेत 2003 च्या सुमारास परवाने पावणेसात लाखांच्या वर गेले होते, 2007 पर्यंत ते साडेसहा लाखांच्या आसपास उतरले, आणि 2018 मध्ये साडेसात लाखांवर पोचले. वाढ झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अकरा वर्षांत शेकडा पंधराच्या आसपास, ज्या काळात लोकसंख्याही आठ-नऊ टक्के वाढली. शिवाय तिथला परवाना दहा वर्षांचा. त्यातले किती जण सेट लावून बसतात हे तो आकडा सांगत नाही. चक्रीवादळांनंतर आपत्कालीन संपर्काला आलेली किंमत, इंटरनेटवरच्या सराव-परीक्षा, स्वस्त चिनी हँडसेट, हेही त्यात आहे. जपानचा दाखला तर दोन्ही बाजूंना अडचणीचा. तिथे सुरुवातीच्या श्रेणीला मोर्स 1950 च्या दशकाच्या अखेरीपासूनच लागत नव्हती. 1990 च्या दशकाच्या मध्याला तिथे तेरा लाखांवर केंद्रे होती आणि पुढे ती निम्म्याहून खाली आली. भरतीला मोर्स आडवी आली नव्हती, आणि ओहोटीला तिचे नसणे उपयोगी पडले नाही. मोबाइल आणि इंटरनेट आल्यावर दूरच्या माणसाशी बोलण्याचे अप्रूपच ओसरले.

माझी तक्रार वेगळी आहे. पाच शब्दांची ती परीक्षा मोर्सची परीक्षाच नव्हती. त्या वेगात सरळ पाठवलेल्या एकट्या क्यूला तीन सेकंद लागतात. वीसच्या वेगात तो पाऊण सेकंदात होतो आणि तेव्हाच त्याला चाल येते. लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकातच सांगितले होते की पूर्ण वेगात दोन अक्षरे शिकवा, ती पक्की झाली की तिसरे द्या. हळू शिकलेला माणूस पुढे अडकतो, कारण तो ऐकत नाही, मोजतो. परीक्षकांनी नंतर अक्षरे वेगात आणि मधल्या जागा लांब अशी तोड काढली. तिने निम्मे दुखणे गेले, निम्मे राहिले: त्या लांब जागेत उमेदवार मनातला तक्ता चाळत बसे. बोटांवर गण पाडणाऱ्याला कविता ऐकू येत नाही, आणि पास झाल्यावर पुष्कळांनी की कपाटात टाकली ती टाकलीच.

अट गेल्यावर मात्र गंमत झाली. त्याच दिवशी अमेरिकेतल्या टेक्निशियन या सुरुवातीच्या श्रेणीच्या सर्व परवानाधारकांना 80, 40 आणि 15 मीटरच्या पट्ट्यांचे तुकडे मिळाले, पण तिथे त्यांना परवानगी होती ती फक्त मोर्सची! परीक्षा नको, वाजवायचे असेल तर वाजवा. त्याआधी 2004 मध्येच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ईमेलमधल्या ‘ॲट’च्या चिन्हाला मोर्स दिली, ए आणि सी जोडून. मेलेल्या लिपीत नवे चिन्ह कोणी घालत नाही. साध्या कीवर वाजवणाऱ्यांचा स्ट्रेट की सेंच्युरी क्लब 2006 चा, सीडब्ल्यूऑप्स 2010 चा. त्यांच्या वर्गांत येणाऱ्यांना कोणी प्रमाणपत्राची सक्ती केलेली नाही. संपर्कांचा नुसता आकडा जमवायचा तर 2017 पासून एफटी-8 आहे: पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे, दोन संगणक आपसात बोलतात, माणसाने कान द्यायचीही गरज नाही. तरीही पाच वॅटचा सेट पिशवीत घालून डोंगरावर जाणारे पुष्कळ जण मोर्सच उचलतात. बोलण्याला अडीच किलोहर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला दीडशे हर्ट्झच्या आसपास भागते, म्हणून तेवढ्याच ताकदीत ती कितीतरी लांब जाते.

तेव्हा परीक्षा काढल्याने माणसे वाढली का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘थोडी’ असे आहे. मोर्स मात्र वाचली, कारण आता ती आवडणाऱ्यांच्याच हाती आहे.

ऐकून बघायचे असेल तर सेट विकत घ्यायची गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडा, सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, निवडा, आणि 7,000 ते 7,040 किलोहर्ट्झमध्ये काटा हळूहळू सरकवा. तिकडची संध्याकाळ, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दहा-अकरा, ही वेळ बरी. तक्ता समोर ठेवू नका. पहिल्या दिवशी फक्त सीक्यू ओळखा.