'बायस' आणि पक्षपात

इंग्रजींतील 'बायस' हा शब्द समोर आला कीं आमचे लेखक बहुधा विचार न करतां 'पक्षपात' किंवा 'पूर्वग्रह' लिहून मोकळे होतात. ही रूढि सोयीची असली तरी निर्दोष नाहीं. आणि तिचा उपद्रव भाषांतरकारापुरता न राहतां टीकावाङ्मयासही पोंचतो, असें आमचें मत आहे.

या शब्दाचें कूळ पाहण्याजोगें आहे. तिरपेपणा या अर्थाचा हा फ्रेंच शब्द सोळाव्या शतकांत इंग्रजींत आला, आणि हिरवळीवरील गोळ्यांच्या खेळांत रुळला. 'बोल्स' नांवाच्या या खेळांत दूरच्या एका लहान गोळ्याजवळ आपला गोळा नेऊन थांबवावयाचा असतो. पण हा गोळा दोन्ही अंगांनीं सारखा नसतो. पूर्वीं त्याच्या एका अंगांत शिसें घालून वजन वाढवीत. आतां त्याचा आकारच तसा घडवितात. त्यामुळें सरळ सोडलेला गोळाही वेग मंदावतांच एका बाजूस वळतो. या गुणाचें नांव 'बायस'. त्याच शतकांत मनाच्या कलासही तेंच नांव मिळालें. शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकांत स्वार्थाला जगाचा 'बायस' म्हटलें आहे, तें याच खेळावरून.

आतां, गोळ्याला कोणाचा पक्ष घ्यावयाचा नसतो. पक्षपात म्हटला कीं पक्ष आला, तो घेणारा आला, आणि मराठींत तरी अन्यायाचा आरोपही आला. पूर्वग्रहास पुराव्याआधीं मत बनविणारें मन लागतें. 'बायस'ला यांपैकीं कांहींच लागत नाहीं, घडण पुरते. हल्लीं संगणकाला पक्षपाती म्हणण्याची चाल आहे. त्याला पुरविलेली माहितीच एकांगी असली, तर त्याचें उत्तरही त्याच अंगाला झुकतें. येथें दोष आहे, पण हेतु नाहीं.

इंग्रजींतही आज या शब्दाला निंदेचा वास येतो, हें खरें. न्यायाधीशानें जाणूनबुजून एका बाजूस झुकतें माप दिलें, तर त्याला पक्षपातच म्हणावें. परंतु जेथें केवळ झुकाव सांगावयाचा आहे, तेथें आमचा 'कल' हा शब्द पुरेसा आहे. शिंप्यांनीं तर हा प्रश्न केव्हांच सोडविला. इंग्रज शिंपी ज्या तिरप्या कापास 'बायस' म्हणतो, त्याला आमचा शिंपी 'उरेब' म्हणतो. आणि फारसींत याच शब्दाचें भावंड संख्याशास्त्रांतील 'बायस'साठींही वापरतात.

हा भेद टीकेंत विशेष महत्त्वाचा आहे. एखाद्या समीक्षकाचें मन वास्तववादी कथेकडे ओढ घेतें, दुसऱ्याचें भावकवितेकडे. त्यांना पक्षपाती म्हटलें कीं वाद त्यांच्या सचोटीवर जातो, आणि ग्रंथ बाजूलाच राहतो. कल म्हटला, तर तो किती व कोणत्या दिशेचा, हें पाहून त्यांचा निर्णय वाचतां येतो. गोळ्यांचा कुशल खेळाडूही वळण धरूनच नेम धरतो.

तराजूला पासंग असतो म्हणून कोणी वाण्यास चोर ठरवीत नाहीं. चोर तो, जो पासंग लपवितो. टीकाकारानें आपला पासंग सांगावा, आणि वाचकानें तो जमेस धरून माप घ्यावें.