शाळा सुटल्यानंतरचा तास : ग्रामीण किशोरींच्या पूरक वर्गांची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : किशोरी, पूरक वर्ग, जीवनकौशल्ये, नेतृत्व, पाचोड, कसमादे परिसर

प्रस्तावना

'शाळा सुटली' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. दिवसाची घंटा झाली आणि मुले घरी निघाली, हा एक. मुलीचे नाव पटावरून गेले, ती पुन्हा शाळेत येणार नाही, हा दुसरा. मुलींच्या बाबतीत या दोन अर्थांमधील अंतर फार थोडे असते. पहिल्या अर्थाने शाळा सुटल्यावर संध्याकाळी घरात काय घडते, यावर दुसऱ्या अर्थाने शाळा केव्हा सुटणार हे पुष्कळदा ठरते. असे असूनही स्त्रीशिक्षणाविषयीचे आपले लेखन पटनोंदणी, गळती आणि निकाल यांच्या आकड्यांपलीकडे क्वचितच जाते. मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण मिळाले, एस.टी.चा मोफत पास मिळाला. या निर्णयांनी मुली शाळेपर्यंत पोहोचल्या, हे निर्विवाद आहे. प्रश्न त्यानंतरच्या वेळेचा आहे.

स्वयंसेवी संस्थांनी ही वेळ हेरली. मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल'ने १९८८ मध्ये आणि 'आकांक्षा'ने १९९१ मध्ये सुरू केलेले काम शहरी वस्त्यांतील मुलामुलींसाठी होते. पुढे किशोरींसाठी स्वतंत्र वर्ग निघाले आणि अभ्यासाच्या मदतीला 'जीवनकौशल्ये' व 'नेतृत्व' या दोन शब्दांची जोड मिळाली. आज अशा उपक्रमाच्या कोणत्याही अहवालात हे शब्द भेटतात. प्रस्तुत लेखात या वर्गांच्या उपयुक्ततेविषयी शंका घ्यावयाची नाही. मुलींना शिकविण्यात हे वर्ग जितके यशस्वी झाले, तितके त्यांच्या हाती काही सोपविण्यात झाले का, एवढेच तपासावयाचे आहे.

संध्याकाळ कोणाची?

देवळा तालुक्यात बसून हा विषय लिहिताना कांदा टाळता येत नाही. कसमादे परिसरातील, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कांद्याच्या वेळापत्रकाशी अधिक जुळते. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत येते आणि काढणी मार्च-एप्रिलमध्ये, नेमकी परीक्षेच्या तोंडावर. लागण उक्ती घेतलेल्या टोळीत आईबरोबर मुलगी गेली तर घरात मजुरी येते. ती गेली नाही तरी स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडे तिच्याकडेच असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती बालिका दिन म्हणून शाळाशाळांतून साजरी होते. त्याच दिवसांत वरच्या वर्गांतील काही मुली रोप लावण्यासाठी वाफ्यात वाकलेल्या असतात. हा विरोधाभास आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याची कोठे नोंदही होत नाही.

शाळेनंतरचा वर्ग म्हणजे मोकळ्या वेळेचा सदुपयोग, हे गृहीतक शहरी मुलग्यांपुरते खरे असेल. ग्रामीण मुलीच्या संध्याकाळला मोकळी वेळ म्हणणे हीच मुळात चूक आहे. ती वेळ घराच्या मालकीची असते. म्हणून मुलींच्या वर्गाचा पहिला व्यवहार शिकवण्याचा नसतो. घराकडून एक तास मागून घेण्याचा असतो. हे जुनेच दुखणे आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आत्मकथनात रात्रीच्या अभ्यासाचे आणि त्यावरून घरातील स्त्रियांनी धरलेल्या रोषाचे जे चित्र येते, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे : सुनेचा वेळ कोणाचा? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा दिवस श्रमाचा आहे हे त्यांनी आधी मान्य केले आणि मग घंटेची वेळ ठरवली. नंतरच्या अनेक उपक्रमकर्त्यांना हा क्रम उलटा वाटतो. ते वेळ आधी ठरवतात आणि मुली का येत नाहीत याचे सर्वेक्षण नंतर करतात!

पाचोडचा वर्ग

महाराष्ट्रात या क्रमाचे भान ठेवून झालेल्या कामांपैकी ठळक उदाहरण पैठण तालुक्यातील पाचोडचे आहे. तेथील 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट' या संस्थेने तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खेड्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालविला. वयोगट १२ ते १८. यातील बहुसंख्य मुली दुसऱ्या अर्थाने शाळा सुटलेल्या, दिवसभर काम करणाऱ्या होत्या. वर्ग रोज संध्याकाळी एक तास, सुट्टीचे दिवस वगळून. वर्षाला एकूण २२५ तासिका. शिकविणाऱ्या स्त्रिया त्याच गावातल्या, किमान सातवीपर्यंत शिकलेल्या आणि संस्थेने प्रशिक्षित केलेल्या होत्या. सामाजिक प्रश्न, स्थानिक संस्था, जीवनकौशल्ये, बालकांचे आरोग्य व पोषण, आणि स्वतःचे आरोग्य असे विषय होते. विशेष म्हणजे अभ्यासक्रम घडविताना पालकांशी सल्लामसलत झाली होती. एक तास मागताना घराला विश्वासात घेतले गेले.

या वर्गाचे मूल्यमापन 'इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन' या संस्थेच्या सहकार्याने झाले व त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रमाच्या गावांत विवाहाचे मध्यांक वय १६ वरून १७ वर गेले. तुलनेसाठी घेतलेल्या भागात असा बदल दिसला नाही. वर्ग पूर्ण करणाऱ्या मुलींच्या मानाने तुलनेच्या भागातील मुलींचा १८ वर्षांपूर्वी विवाह होण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. कायदा, भित्तिपत्रके आणि भाषणे यांनी जे साधले नव्हते, ते रोजच्या एका तासाने काही प्रमाणात साधले. आजही या यशाचे मोल कमी होत नाही. कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाल्याचे नोंदले गेले आहे.

मात्र येथे दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. पहिला पद्धतीविषयीचा. वर्ष पूर्ण करणारी मुलगी बहुधा अशा घरातली असते की जेथे तिला रोज एक तास देण्याची तयारी आधीपासून आहे. असे घर लग्नही थोडे लांबविण्यास राजी असू शकते. तेव्हा चौपटीचा सगळा फरक वर्गाच्या पदरात टाकता येणार नाही. संपूर्ण गावांच्या मध्यांकातील वाढ हा त्यामानाने अधिक भरवशाचा पुरावा आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अशा उपक्रमांनी तोच पुढे मांडावा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मुलीच्या शिक्षणाचे यश अखेर तिच्या लग्नाच्या वयातच मोजले गेले. हे मोजमाप चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने त्या वाढीव वर्षात काय वाचले, कोणत्या निर्णयात भाग घेतला, ग्रामपंचायतीविषयी शिकली ती ग्रामसभेत कधी गेली का, हे त्या आकड्यातून कळत नाही. स्थानिक संस्था हा विषय अभ्यासक्रमात असणे आणि स्थानिक संस्थेने मुलीचे म्हणणे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युगांडातील अनुभवही येथे उपयोगी पडेल. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने तेथे किशोरींचे क्लब चालविले. थोड्या मोठ्या वयाची स्थानिक मार्गदर्शिका, जीवनकौशल्ये आणि उत्पन्नाची कौशल्ये अशी रचना होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर होणारे विवाह व गर्भधारणा कमी झाल्याचे दिसले. त्याच आराखड्याने टांझानियात मात्र विशेष परिणाम साधला नाही. तेथे साधनांची चणचण होती. आराखडा उचलून आणता येतो, खोली आणि साहित्य उचलून आणता येत नाही, हे आपल्याकडील अनेक संस्थाचालकांनाही अनुभवाने ठाऊक असेल.

'नेतृत्व' या शब्दाविषयी

आपल्या परिसरात मुलींचे नेतृत्व म्हणजे बहुतेक वेळा वक्तृत्व. व्यासपीठावर न अडखळता बोलणारी मुलगी ती नेतृत्वगुण असलेली, असे समीकरण शाळांनी रुजविले आणि संस्थांच्या वर्गांनी ते उचलले. भाषण शिक्षकांनी लिहून दिलेले, मुलीने पाठ केलेले. आवाज चढविण्याच्या जागाही ठरलेल्या. प्रथम वर्ष कला शाखेत येणाऱ्या विद्यार्थिनींना शिकविताना प्रस्तुत लेखकाला असे अनेकदा दिसले आहे की, स्त्रीमुक्तीवर दहा मिनिटे सफाईने बोलणारी मुलगी प्रवेशअर्जावर कोणता विषय निवडावयाचा हे घरी विचारून सांगते. यात दोष तिचा नाही. तिला बोलावयास शिकविले, ठरविण्याची संधी कोणी दिली नाही.

भाषेचा मुद्दाही येथे येतो. कसमादेतील अनेक घरांत अहिराणी बोलली जाते. शाळेत ती मागे ठेवावी लागते. निदान शाळेनंतरच्या वर्गात तरी मुलीला आपल्या बोलीत विचार मांडता यावा, ही अपेक्षा रास्त आहे. कारण ज्यांच्याशी तिला वाद घालावयाचा आहे त्या आई-आजीशी ती याच बोलीत बोलते. परंतु 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हटला की प्रमाण मराठी आणि त्यावर इंग्रजी वाक्यांची पेरणी असाच अर्थ घेतला जातो. लग्नाची बोलणी थांबविण्याचे धाडस ज्या भाषेत करावे लागते, ती भाषा वर्गाबाहेर ठेवून नेतृत्व कसे शिकविणार?

मुक्ता साळवे या फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली छापला गेला. अवघ्या चौदा वर्षांच्या आसपासची ही मुलगी. तिने विषय स्वतःच्या समाजाचा निवडला, जाब धर्माला विचारला. तिच्या लेखनाकडे पाहिले म्हणजे पाठ केलेल्या भाषणाशी असलेला फरक ध्यानात येतो. या लेखनात सांगण्यासारखे काही होते आणि ते छापून लोकांपुढे ठेवणारेही कोणी होते.

सत्ता प्रत्यक्ष सोपविण्याचा एक प्रयोग राजस्थानातील तिलोनियाचा. तेथील संस्था १९७५ पासून रात्रशाळा चालवीत आली. दिवसा शेळ्या राखणाऱ्या मुलींची संख्या त्यांत मोठी. १९९३ पासून या शाळांतील मुले आपली बालसंसद निवडून देऊ लागली. मुलींनी तिचे पंतप्रधानपदही सांभाळले. या संसदेचे सदस्य रात्रशाळांची पाहणी करीत, दिवे लागतात का, शिक्षक येतात का हे तपासून संस्थेतील मोठ्यांकडून उत्तर घेत. या प्रयोगाच्याही मर्यादा असतील. शेळ्या राखण्यातून त्या मुलींची सुटका त्याने झाली नाही. पण तेथे नेतृत्व म्हणजे कोणाकडून तरी उत्तर मागण्याचा अधिकार, असा अर्थ मुलींना अनुभवाने कळला. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायत संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंचबाईंचा कारभार पती पाहतो, ही तक्रार आपण नेहमी करतो. चौदाव्या वर्षी जिला वर्गाच्या खोलीची किल्लीही कोणी दिली नाही, तिच्या हाती चाळिसाव्या वर्षी दप्तराची किल्ली राहील अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

महाविद्यालयाचा वाटा

वरील टीका केवळ स्वयंसेवी संस्थांना लागू करून आपल्याला मोकळे होता येणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर आपण दरवर्षी एखाद्या गावात घेतो. त्यात एक दुपार किशोरींसाठी राखलेली असते; आहार, आरोग्य किंवा कायदा यांवर व्याख्यान होते, आभार मानले जातात आणि आठव्या दिवशी गाव पूर्ववत होते. पाचोडच्या २२५ तासिकांसमोर ही एक दुपार ठेवून पाहावी.

वास्तविक साधने आपल्याकडे आहेत. योजनेतील प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करावयाचे असते. उद्बोधन आणि महाविद्यालयाच्या आवारातील काम वजा केले तरी गावासाठी बरेच तास उरतात. लोहोणेर, उमराणे किंवा खामखेडे यांसारख्या एखाद्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या तीन-चार विद्यार्थिनींनी आपले तास शिबिराऐवजी आपल्याच गावातील संध्याकाळच्या वर्गाला दिले, तर वर्षाच्या तासिका पाचोडच्या जवळपास जातात. सातवी शिकलेल्या स्त्रियांनी जे पाचोडला केले, ते पदवीच्या वर्गातील मुलींना अवघड जाऊ नये. मुख्य म्हणजे त्या रोज एस.टी.ने गावी परततातच. वर्गासाठी कोणाला बाहेरून पाठवावे लागत नाही.

अडचणी आहेत. कांद्याच्या लागणीत आणि काढणीत वर्ग रोज भरणार नाही. त्या आठवड्यांत तो बंद ठेवावयाचा की रात्री जेवणानंतर भरवावयाचा, हे मुलींनीच ठरवावे. अंधार पडल्यावर धाकट्या मुलींना घरी कोण पोहोचविणार, हा प्रश्न पालक पहिल्याच दिवशी विचारतील आणि त्याचे उत्तर प्राध्यापकांपाशी नसेल, ते गल्लीगल्लीतून त्या मुलींनाच जमवावे लागेल. शाळेची खोली मिळाली तर किल्ली मुख्याध्यापकांकडे राहते, म्हणजे शिपाई येईपर्यंत मुली ओट्यावर थांबतात. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज करावा लागेल. तो अर्ज महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर न जाता मुलींच्या सह्यांनी जावा आणि समितीच्या बैठकीत तो त्यांनीच वाचावा.