‘स्मृतिचित्रे’तील हास्य आणि श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे, आणि बहुतेक वेळी प्रांजळपणा व विनोद या दोन गुणांचा गौरव केला आहे. हा गौरव यथार्थच आहे. तथापि त्यामागे एक विभागणी गृहीत धरलेली असते. विनोद हा लक्ष्मीबाईंच्या शैलीचा भाग आणि ख्रिस्ती श्रद्धा हा त्यांच्या चरित्राचा तपशील, अशी ती विभागणी होय. साहित्याचा वाचक विनोदावर लुब्ध होतो आणि श्रद्धेला आदराने बाजूस ठेवतो. उपासनामंदिरातला वाचक श्रद्धेने कृतार्थ होतो आणि विनोदाकडे कौतुकाने पाहून पुढे जातो. ही विभागणी प्रत्यक्ष संहितेला मान्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

धर्मांतराचे आत्मकथन हा एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा एक ठळक प्रकार. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’चे (१८८४) नावच या प्रकाराची घडण सांगून जाते. आधी अंधार, मग उजाडणे. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली साक्षही शोधाकडून प्राप्तीकडे जाते. अशा कथनात दुःखाला अर्थ मिळतो तो पुढे लाभलेल्या प्रकाशामुळे; आणि म्हणून मागचे सारे आयुष्य काहीसे काळवंडून दाखवावे लागते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेली ‘स्मृतिचित्रे’ ही घडण स्वीकारीत नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. परंतु त्या क्षणाच्या अलीकडचे जग अंधारे आणि पलीकडचे उजळ असे काही या पुस्तकात घडत नाही. बाप्तिस्म्यापूर्वीचे घर जितके हसते, तितकेच नंतरचे.

यावरून कोणी म्हणेल, की मग या हास्याचा श्रद्धेशी संबंधच नाही. तो केवळ स्वभाव. हा आक्षेप वजनदार दिसतो, पण तो अनुभवणारी लक्ष्मी आणि निवेदन करणाऱ्या लक्ष्मीबाई यांची गल्लत करतो. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातली मुलगी प्रत्यक्षात हसत नव्हती. आजोबांना १८५७च्या बंडात फाशी झाल्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा धसका घेतला, की मीठ-साखरही धुतल्यावाचून घरात येईना. मुलांच्या दृष्टीने तो जाचच होता. त्याला हास्याचे रूप मिळते ते साठी ओलांडलेल्या निवेदिकेच्या हाती. आणि ही निवेदिका कोण? जिने स्वतः ते सोवळे दीर्घकाळ जिवापाड जपले आणि मग सोडले, ती. म्हणूनच वडिलांची टवाळी करण्याचा अधिकार ती घेत नाही. ज्या भयातून आपण सुटलो, त्या भयात अडकलेल्या माणसाकडे ती करुणेने पाहून हसते. या हास्यात क्षमा आहे; आणि क्षमा ही येथे उपदेशाची बाब नसून निवेदनाची रीत झालेली आहे.

या सुटकेची जागा अहमदनगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नीच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी आपले अन्नपाणी वेगळेच ठेवले. पुढे जात देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हे त्यांना उमगले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला. या प्रसंगाला चमत्काराची प्रभा नाही. सिद्धान्ताची चर्चा तर नाहीच. येथे श्रद्धेचे पहिले रूप पाणी पिणे हे आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या घोटाचे मोल कळते. तेथून पुढे प्लेगच्या दिवसांतली शुश्रूषा आणि परक्यांची मुले पोटाशी धरणे या गोष्टी ओघानेच येतात. दुःखाचे कारण लक्ष्मीबाई विचारीत बसत नाहीत. या दुःखात आता करायचे काय, एवढेच विचारतात. त्यांच्या प्रयोजनाचा आणि आनंदाचाही उगम या प्रश्नात आहे.

तरीही एक अस्वस्थता उरते, आणि ती लपवणे बरे नाही. ज्या माणसाने पत्नीला न विचारता तिचे सारे जग उलथून टाकले, घरात आलेला पैसा वाटून टाकला, त्याच्याविषयीही हे पुस्तक हसतच बोलते. आजच्या वाचकाला, विशेषतः स्त्रीवादी दृष्टीच्या वाचकाला, येथे क्षमा आणि सोसणे यांतली सीमारेषा पुसट झाल्यासारखी वाटेल. हा संशय अनाठायी नाही. मात्र टिळकांच्या लहरी, त्यांचे संतापणे, त्यांचे बेफिकीर औदार्य यांपैकी काहीही निवेदिका झाकून ठेवीत नाही. तपशील सगळा वाचकापुढे असतो. निवाडा तेवढा ती देत नाही. पतीला संत करण्याचा मोह तिने टाळला आहे, आणि श्रद्धाळू चरित्रलेखनात हे विरळा.

शेवटचे प्रमाण ‘स्मृतिचित्रे’च्या बाहेरचे आहे. ज्यांना टिळकांनी मुलासारखे मानले ते बालकवी मे १९१८ मध्ये भादली येथे रेल्वे अपघातात गेले. मे १९१९ मध्ये टिळक गेले. मागे राहिले ‘ख्रिस्तायन’, साडेदहा अध्यायांवर थांबलेले. ज्यांना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यात घडलेल्या या बाईने ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गावे, यात परंपरेचे नाते आहेच. तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक मानीत. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’ची उंची गाठत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे ध्यानात येते, की पतीचे जे व्रत एकेकाळी पत्नीवर कोसळले होते, ते तिने अखेरीस आपले स्वतःचे काम म्हणून उचलले. ‘स्मृतिचित्रे’तील हास्याला जे बळ आहे, ते या उचलण्याचे आहे. त्याला केवळ शैलीचा गुण म्हणणे अपुरे होय.