'नागासाकीच्या घंटा' : पुन्हा वाचताना

डॉ. ताकाशी नागाई यांचे 'नागासाकीच्या घंटा' (१९४९) आम्ही पुन्हा वाचले. नागाई क्ष-किरणतज्ज्ञ, त्या कामातूनच जडलेल्या रक्ताच्या कर्करोगाचे निदान बॉम्बपूर्वी, जून १९४५ मध्ये झाले होते. ९ ऑगस्टला पत्नी मिदोरी गेली. राखेत तिची जपमाळ सापडली. पदरी दोन लहान मुले. जखमींची शुश्रूषा करताना टिपलेली किरणोत्साराची लक्षणे हा पुस्तकाचा सर्वांत कसदार भाग होय.

आम्ही अडखळतो ते निराळ्या ठिकाणी. उराकामी या कॅथॉलिक वस्तीतील सुमारे ८,००० मृतांना नागाई निष्कलंक होमबली म्हणतात. पत्नी गमावलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभते. पण होमबली एकदाच जळतो. येथे काही वर्षांतच, विशेषतः बालपणी किरण लागलेल्यांत, रक्ताचा कर्करोग वाढला; इतर कर्करोग दशकानुदशके उद्भवत राहिले. गर्भात किरण लागलेली काही बाळे लहान डोक्याची जन्मली. नंतर पोटी आलेल्या संततीत आनुवंशिक दोष वाढल्याचे संशोधनात आढळलेले नाही. तरी त्या धास्तीने सोयरिकी मोडल्या. त्या आयांनी याला कोणाची इच्छा म्हणावे?

१९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमात युद्ध ही माणसाचीच करणी असल्याचे निक्षून सांगितले. त्यानंतर कुठे उराकामीतील काही वृद्ध भाविक आपल्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलू लागले.